दप्तरावर आईच्या लुगड्याचा बैल

अंगणवाडीत एकाच रंगाची वीस दप्तरे खुंटीला टांगलेली असली, की तीन वर्षांच्या पोराने त्यातले आपले ओळखायचे कसे? वर नाव घातले तरी त्याला वाचता कुठे येतं! पण दप्तरावर बैल असेल, आणि तो घरच्या ओळखीच्या कापडाचा असेल, तर पोर लांबूनच बोट दाखवतं. तेव्हा मंडळी, यंदा मुलाला दप्तर घेऊन द्याल तेव्हा त्यावर एक चित्र घरीच करून लावा. साधी इस्त्री पुरते.

कापड सुतीच घ्या. आईचे जुने लुगडे, आजोबांच्या फेट्याचा तुकडा, फाटक्या सदऱ्याची पाठ, काहीही चालेल. धुऊन खळ काढा, नाहीतर नीट चिकटत नाही. शिंपी कॉलरला लावतात ते फ्युजिंग एकाच बाजूने चिकटते. आपल्याला हवी ती दोन्ही बाजूंनी चिकटणारी, कागद लावलेली पातळ जाळी. ती शहरात शिवणसामानाच्या दुकानात विचारा.

त्या कागदावर चित्र काढा. फार बारकावे नकोत. शिंगे, वशिंड, शेपूट एवढ्यावर बैल होतो. मात्र इथे चित्र उलटे उमटते, म्हणून अक्षर काढायचे असेल तर आरशात दिसते तसे काढा. जाळी कापडाच्या उलट्या बाजूला ठेवून कागदावरून इस्त्री दाबा, गार झाल्यावर रेघेवरून कापा, कागद सोलून काढा. मग चित्र दप्तरावर ठेवा, वर ओलसर सुती फडके घाला आणि दहा-बारा सेकंद इस्त्री नुसती दाबून धरा. घासू नका, चित्र सरकते. गार होईपर्यंत हात लावायचा नाही. कोळशाची इस्त्री असेल तर निखारे आधीच बाहेर फुलवून घ्या, राख झटका आणि एखाद्या चिंधीवर ताव पाहा. हे सगळे मोठ्या माणसाने करायचे. पोराने फक्त बैल की ट्रॅक्टर ते सांगायचे.

बाजारातली बहुतेक दप्तरे नायलॉनची असतात. त्यांवर गरम इस्त्री टेकवली की दप्तर वितळलेच म्हणून समजा. तिथे चित्र सुती चौकोनावर चिकटवा आणि तो चौकोन दप्तराला शिवून टाका.

आता खरी गोष्ट. नुसत्या इस्त्रीवर विसंबू नका. आपल्याकडे कपडा दगडावर आपटून धुतात. त्या माराला हा चिकटा फार दिवस टिकत नाही, आधी कडा सुटतात. म्हणून कडेने काजटाका घाला. तो येत नसेल तर गोधडीला घालतात तसा धावदोरा घाला, पण टाके जवळजवळ. दोन्ही बाजूंची जाळी मिळाली नाही तरी अडत नाही. कॉलरचे फ्युजिंग चित्राच्या पाठीला लावले की कापडाचे धागे सुटत नाहीत. मग ते सरळ शिवून टाकावे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठीही दोन शब्द. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्चायचे असतात. त्यातून अंगणवाडीला दप्तरे द्यायची ठरली, तर गावातल्या बचत गटाकडून साधी मांजरपाटाची शिवून घ्या. देणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत छापायची काहींना हौस असते. ती जागा पोराच्या चित्राला सोडा.

ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुले कित्येक गावांत आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आई कारखान्याच्या वाटेला लागली तरी तिच्या लुगड्याचा तुकडा रोज पोराच्या पाठीवर राहतो. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. त्याआधी एक दुपार काढली तरी एवढे काम होते.