सफरचंद वांगणीच्या पुढे का जात नाही?

हा भाग भिवपुरीहून, नेहमीसारखा घराच्या मागच्या खोलीतून. ऑडिओत मधूनमधून लोकलचा आवाज येईल, तो मी कापलेला नाही. इथे लिहिताना माझं अडखळणं तेवढं कापलंय. केमिकलची नावं नुसती ऐकून सर्च करता येत नाहीत, असे मेसेज बरेच येतात, म्हणून हा भाग सावकाश लिहून काढलाय.

तर सुरुवात अशी झाली. ताई ठाण्याला नोकरीला आहे. मी घरी अत्तरं बनवते हे तिला माहीत होतंच. तिने कच्च्या मालासाठी मला दोन हजार रुपये दिले आणि म्हणाली, "मला हिरव्या सफरचंदाचा वास पाहिजे. ठाण्याला उतरेपर्यंत टिकला पाहिजे. नाही टिकला तर पैसे परत." मी लगेच हो म्हटलं. ऑनलाइन 'ग्रीन ॲपल' म्हणून मिळतं ते तेल आणलं, अल्कोहोलात मिसळलं आणि बाटली तिच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला: "वांगणी. गेलं."

ज्यांना आमची लाइन माहीत नाही त्यांच्यासाठी: भिवपुरी रोडनंतर नेरळ, शेलू आणि मग वांगणी. म्हणजे अर्धा ताससुद्धा नाही.

मी काय केलं असेल? तुम्हीही तेच केलं असतंत. दुसऱ्या बाटलीत तेल दुप्पट घातलं. निघताना घरभर असा वास सुटला की आई म्हणाली, नेलपॉलिश सांडलं का? आणि ताईचा मेसेज आला: "बदलापूर. गेलं." दुप्पट माल आणि कमाई फक्त एका स्टेशनाची!

पण हे एक स्टेशन म्हणजेच आजच्या भागाचं सगळं गणित आहे. समजायला सोपं म्हणून असं धरू की प्रत्येक स्टेशनाला त्वचेवरचा वास निम्मा होतो. भिवपुरीला १०० असेल तर नेरळला ५०, शेलूला २५, वांगणीला १२, आणि त्याखाली नाकाला काही कळत नाही. आता सुरुवात २०० ने करा. नेरळला १००, शेलूला ५०, वांगणीला २५, बदलापूरला १२. झालं! चौपट घातलं तर दोन स्टेशनं वाढतील. ठाणं कधीच येणार नाही, त्याआधी डब्यातल्या बायका ताईला दारापाशी उभं करतील. उडून जाणाऱ्या गोष्टीचं प्रमाण वाढवून तिचा मुक्काम फारसा वाढत नाही. मुक्काम वाढवायचा तर हळू उडणारी गोष्ट शोधावी लागते.

सफरचंदाचा वास इतक्या लवकर का उडतो? ताज्या सफरचंदाचा वास मुख्यतः एस्टर नावाच्या छोट्या रेणूंचा असतो. हेक्सिल ॲसिटेट हा त्यातला एक. गोडसर, थोडा पेअरकडे झुकणारा. इथाइल २-मिथाइलब्युटिरेट हा दुसरा. सफरचंदाचा चावा घेतल्यावर जो रसाळपणा येतो तो याचा. पहिल्याचं रेणुभार १४४, दुसऱ्याचा १३०. अत्तराच्या जगात ही अगदी हलकी माणसं. अंगाची ऊब लागली की निघाली. सुरी फिरवल्यावर जो कच्चा हिरवा वास येतो तो तर फळ कापल्यावरच तयार होतो, पेशी फुटून आतली विकरं कामाला लागतात म्हणून. गुलाब भट्टीवर चढवून अत्तर काढतात तसं सफरचंदाचं काढता येत नाही. आपण जे वापरतो ते सगळं प्रयोगशाळेतून जुळवलेलं.

इथे एक आडवळण घेते, कारण ते आपल्या तालुक्यांच्या जवळचं आहे. शेजारच्या खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या बाजूला वाशिवली गावात सुगंध बनवणारा मोठा कारखाना आहे, एस. एच. केळकर कंपनीचा. हीच ती 'केवा'. मराठी घराण्याची ही कंपनी १९२२ मध्ये सुरू झाली. आमच्या भिवपुरीचं टाटांचं वीजघरही त्याच साली सुरू झालं. (योगायोग आहे, पण मला आवडतो.) मुलुंडच्या वझे-केळकर कॉलेजात परफ्युमरीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, हेही बारावी सायन्सवाल्यांनी लक्षात ठेवा. सांगायचा मुद्दा, आपण हौस म्हणून करतो ते काम इथून तासाभराच्या अंतरावर लोक पोटापाण्यासाठी करतात. आणि एक एस्टर दिवसभर टिकवायचा हट्ट ते धरत नाहीत. ते रिले लावतात. एक दमला की दुसऱ्याने सफरचंद हातात घ्यायचं.

दुसरा धावपटू व्हर्डॉक्स. दुकानदार त्याला ओटीबीसीएचए असंही म्हणतात. आंबट हिरवं सफरचंद आणि त्यामागे थोडं लाकूड, असा वास. शॅम्पू-साबणांत हा भरपूर वापरतात, म्हणून पहिल्यांदा हुंगल्यावर "अरे, हा तर ओळखीचा" असं होतं. रेणुभार १९८. माझ्या कागदी पट्टीवर हेक्सिल ॲसिटेट संध्याकाळी मेलेलं असतं, व्हर्डॉक्स दुसऱ्या दिवशी सकाळीही ओळखू येतं. नुसतं वापरलं तर मात्र धुतलेल्या टॉवेलसारखं वाटतं. म्हणून त्याला थोडं फ्रुक्टोन जोडायचं. तेही फळांचंच, सफरचंद आणि स्ट्रॉबेरीच्या मधलं, आणि ते व्हर्डॉक्सचा साबण झाकतं.

तिसरा धावपटू माझा सगळ्यात आवडता. डॅमॅस्कोन मंडळी आणि त्यांची बहीण बीटा-डॅमॅस्केनोन. हा रेणू रसायनतज्ज्ञांना बल्गेरियन गुलाबाच्या तेलात सापडला. तेलात तो अगदी किंचित असतो, पण गुलाबाच्या वासातला मोठा वाटा त्याचा. आणि गंमत अशी की तो सफरचंदातही लपलेला असतो, साखरेला बांधलेला, म्हणून कच्च्या फळात फारसा जाणवत नाही. फळ शिजवलं की मोकळा होतो. सफरचंदाचा मुरांबा चुलीवर असताना घरात जो खोल, मधासारखा वास भरतो, त्यात तो असतो. म्हणजे टिकणारं सफरचंद बाहेरून आणायची गरजच नाही, ते सफरचंदातच आहे, फक्त शिजलेल्या बाजूला. गुलाब आणि सफरचंद एकाच कुळातली झाडं आहेत, हे शाळेत पाठ केलं होतं. नाकाला पटलं ते त्या दिवशी.

आता जरा गंभीर. माझी चूक ऐका.

डेल्टा-डॅमॅस्कोनची छोटी बाटली आली तेव्हा मी उत्साहात तिसऱ्या बाटलीत एक थेंब टाकला. नुसता, पातळ न करता. एकच थेंब, त्याने काय होणार? वास सुंदर होता. ताई ठाण्याला पोचली, टिकला. आठवडाभर पोचत राहिली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या मानेवर लाल चट्टे आले. डॉक्टरांनी लावायचं सगळं बंद करायला सांगितलं, आणि तिला महिनाभर साधा साबणसुद्धा जपून वापरावा लागला.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते गणित केलं. एक थेंब साधारण ०.०२५ ग्रॅम. १० मिलीच्या बाटलीत द्रव ८ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ०.३ टक्के. इफ्रा ही सुगंधद्रव्यांच्या सुरक्षित वापराचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. डॅमॅस्कोन कुटुंबासाठी तिने घातलेली मर्यादा तयार परफ्यूममध्ये ०.१ टक्क्याच्याही बरीच खाली आहे, कारण या रेणूंमुळे त्वचेला ॲलर्जी बसू शकते, आणि एकदा बसली की ती सहसा जात नाही. मी कित्येक पटींनी पुढे गेले होते. आणि गरजही नव्हती. बीटा-डॅमॅस्केनोन पाण्यात अब्ज भागांत एक भागाहून कमी असलं तरी नाकाला कळतं.

म्हणून घरात ही द्रव्यं आली की पहिलं काम, डीपीजीमध्ये १ टक्का द्रावण: ९.९ ग्रॅम डीपीजीत ०.१ ग्रॅम. मूळ बाटली टेप लावून कपाटात. आणि थेंब मोजणं बंद, ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. सोनाराकडे असतो तसला छोटा, फार महाग नाही.

ताईचे चट्टे गेल्यावर बनवलेला फॉर्म्युला सांगते, लिहून घ्या. एकूण १०० भाग. हेक्सिल ॲसिटेट ५. इथाइल २-मिथाइलब्युटिरेटचं १० टक्के द्रावण ३. सालीचा हिरवेपणा येण्यासाठी सिस-३-हेक्सेनिल ॲसिटेट, तेही १० टक्के द्रावण, २. फ्रुक्टोन ८, व्हर्डॉक्स १४. हेडिओन २०, याने सगळ्यात हवा खेळते. आयसो ई सुपर १२. हेल्व्हेटोलाइड १०, गॅलॅक्सोलाइड ५० टक्के वालं १०. गॅमा-डेकालॅक्टोनचं १० टक्के द्रावण ३. डेल्टा-डॅमॅस्कोनचं १ टक्का द्रावण १०, आणि बीटा-डॅमॅस्केनोनचं १ टक्का द्रावण ३. दहा ग्रॅमचा घाणा केला तर एक भाग म्हणजे ०.१ ग्रॅम. यातलं १५ ग्रॅम घ्यायचं असेल तर ८५ ग्रॅम परफ्यूमरचं अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट नको. बाटली तीन आठवडे अंधारात, आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब. हे सगळं पेटतं.

हेल्व्हेटोलाइड मुद्दाम घेतलंय. ती कस्तुरीच्या जातीची गोष्ट, रेणुभार २८४, पण तिच्यात पेअरसारखा फळाचा पदर आहे. शेवटी अंगावर कस्तुरीच उरणार असेल तर ती निदान फळाच्या नात्यातली असावी. डीकेएनवायचं २००४ सालचं 'बी डिलिशस' आठवतंय? सफरचंदासारखी बाटली. संध्याकाळी त्याचंही लाकूड आणि कस्तुरीच उरते, पण सकाळची आठवण ताजी असते म्हणून आपण त्याला सफरचंदच म्हणत राहतो. दुकानात 'फिक्सेटिव्ह' म्हणून जी बाटली विकतात ती एस्टरला बांधून ठेवत नाही. ती फक्त मागे उरते. पैसे त्यात घालू नका, हेल्व्हेटोलाइडमध्ये घाला.

अल्कोहोलऐवजी आयपीएममध्ये बनवून तेलासारखं रोलऑन केलं तर अजून थोडं हळू उडतं, पण वास अंगाजवळच राहतो. लोकलच्या गर्दीत ते बरंच म्हणायचं.

एक मात्र करा, टिकलं की नाही हे स्वतःच्या नाकाला विचारू नका. नाक तासाभरात त्या वासाला सरावतं, आणि कस्तुरी तर काहींना मुळातच येत नाही. दुसऱ्याला विचारा. नवं काही अंगभर लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस थांबा. आमच्या घरी आता हा नियम आहे, ताईने घातलेला.

गेल्या सोमवारी ती नवी बाटली लावून गेली. बदलापूरला मेसेज नाही. कल्याणला नाही. मी वाट बघत बसले. पावणेदहाला आला: "ठाणे. आहे. पण हे सफरचंद नाही, मुरांबा आहे."

बरोबर आहे तिचं. पुढच्या घाण्यात बीटा-डॅमॅस्केनोन तीनाचं दोन करतेय आणि व्हर्डॉक्स दोन भाग वाढवतेय. पैसे तिने अजून परत मागितलेले नाहीत.