व्वा, काय वाट आहे!

फ्रान्स म्हणजे पॅरिस, आयफेल टॉवर आणि परफ्यूम, एवढंच डोक्यात असेल तर जरा थांबा. त्याच फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून, गाड्यांना सक्त मज्जाव असलेल्या वाटांवरून, दिवसचे दिवस सायकल चालवता येते. पुढच्या मोठ्या सुट्टीसाठी एक हटके बेत...

सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागचा हॉर्न वाजवतो. ऑफिसात पोचेपर्यंत कान बधिर, मग दिवसभर फोन आणि मीटिंगा. शनिवारी निवांत व्हायला बाहेर पडावं, तर घाटात दोन तासांचा ट्रॅफिक जॅम! आवाजापासून पळणारे सगळेच एका रस्त्यावर. अशा वेळी ‘शांत सुट्टी’ हे रिसॉर्टच्या जाहिरातीतलं गुळगुळीत वाक्य वाटायला लागलं, तर त्यात तुमचा दोष नाही.

पण शांतता हीसुद्धा रस्त्यासारखी आखता येते, बांधता येते आणि राखताही येते. फ्रान्सनं हे चक्क करून दाखवलंय. सायकलवरून तो देश बघायचा तो यासाठी.

रेल्वे गेली, सायकल आली

गोष्ट सुरू होते १८७० च्या दशकाच्या शेवटी. फ्रान्सचे तेव्हाचे सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी रेल्वे देशाच्या कानाकोपऱ्यात न्यायची योजना आखली. आडगावांपर्यंत छोट्या छोट्या लाइनी पोचल्या. पुढे विसाव्या शतकात मोटारी आणि बस आल्या, प्रवासी आटले आणि यातल्या कितीतरी लाइनी बंद पडल्या. रूळ उचलले गेले, पण त्याखालची सपाट पट्टी, दगडी पूल, बोगदे, चिमुकली स्टेशनं तिथंच राहिली.

या पट्ट्यांचं करायचं काय? बर्गंडीत १९९७ मध्ये त्याचं उत्तर मिळालं. झिव्री ते क्लुनी या ४४ किलोमीटरच्या जुन्या रेल्वेमार्गावर गुळगुळीत वाट तयार झाली. ही फ्रान्समधली पहिली ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट. (नावातच ‘व्वा’ आहे, बघा!) २००४ मध्ये या वाटांची व्याख्या थेट वाहतुकीच्या नियमांत आली. इथं इंजिनाच्या गाड्या बंद. चालणारे, सायकलवाले, स्केटवाले आणि काही ठिकाणी घोडेस्वार, एवढ्यांनाच प्रवेश.

आगगाडीच्या इंजिनाला मोठा चढ झेपत नाही. म्हणून लाइन टाकणाऱ्यांनी टेकड्या कापल्या, दऱ्यांवर भराव घातले, उतार अगदी हलका ठेवला. तो सगळा खर्च आज तुमच्या गुडघ्यांच्या कामी येतो. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूसही इथं आरामात दिवसाला ३०-४० किलोमीटर जातो.

चव्वेचाळीस किलोमीटर, दोन दिवस

झिव्री हे द्राक्षांच्या मळ्यांतलं गाव. तिथून निघालात की थोड्या वेळात मळे मागे पडतात आणि कुरणं लागतात. त्यात शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाई मान वर करून तुमच्याकडे बघत असतात. मध्ये जुनं स्टेशन लागतं. गाडी नाही, हमाल नाही, पण इमारत तशीच. कोर्मातांला सतराव्या शतकातला शातो आहे, तिथं उतरून बाग बघा. आणि शेवटी क्लुनी. ९१० मध्ये स्थापन झालेल्या इथल्या मठाचं चर्च एके काळी ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं. रोमचं सेंट पीटर्स उभं राहिलं तेव्हा कुठं तो मान गेला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर बहुतेक चर्च पाडलं गेलं. जे उरलंय, त्याच्या उंचीवरून बाकीचा अंदाज करायचा.

तंदुरुस्त माणूस हे अंतर तीन तासांत कापेल. पण मग आलात कशाला? इथला फंडा असा की, दोन दिवस घ्या. पहिला तासभर हात सारखा खिशातल्या मोबाइलकडे जातो. मग हळूहळू चेनची टिकटिक ऐकू यायला लागते, मग पाखरं, मग लांबच्या चर्चची घंटा. आणि हो, गाणी लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. २०१५ पासून फ्रान्समध्ये सायकल चालवताना कानात इअरफोन घालायला कायद्यानंच बंदी आहे.

क्लुनीच्या पुढं माकाँकडे जाताना ब्वा-क्लेरचा जुना रेल्वे बोगदा लागतो. लांबी सुमारे १.६ किलोमीटर. उन्हाळ्यातही आत थंडगार, जॅकेट हाताशी ठेवा. हिवाळ्यात मात्र हा बोगदा बंद असतो. कारण? आत वटवाघळं झोपलेली असतात! त्यांची झोपमोड नको, म्हणून माणसांनी डोंगरावरून वळसा घालायचा. गंमत म्हणजे याच टेकड्यांमधून पॅरिस-लियाँ मार्गावरची टीजीव्ही ताशी सुमारे ३०० किलोमीटरनं धावते. नव्या रुळांवर घाईतले लोक, जुन्या रुळांच्या जागी तुम्ही.

पाण्याच्या काठानं

शांत वाटांचा दुसरा मोठा ठेवा म्हणजे कालवे. दक्षिणेतला ‘कानाल दु मिदी’ १६६६ ते १६८१ या काळात बांधला गेला. पिएर-पॉल रिके या कर वसूल करणाऱ्या माणसानं त्यात स्वतःचा पैसा ओतला आणि काम पूर्ण व्हायच्या काही महिने आधी, १६८० मध्ये तो वारला. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंतचा हा २४० किलोमीटरचा कालवा १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पूर्वी काठावरून घोडे चालत आणि दोरानं नावा ओढत. घोडे गेले, त्यांच्या वाटेवर आता सायकली आल्या. तुलूझकडचा सुमारे ५० किलोमीटरचा टप्पा डांबरी आहे. पुढं माती, खडी आणि मुळं, त्यामुळं जाड टायरची सायकल घ्या.

या कालव्याची ओळख म्हणजे काठावरची प्लातानची झाडं, आपल्या काश्मीरच्या चिनाराची भावंडं. एकेकाळी अशी सुमारे ४२ हजार झाडं होती. २००६ मध्ये त्यांच्यावर बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ही बुरशी अमेरिकेहून फ्रान्सला आली, असं मानतात. लागण झालेलं झाड वाचत नाही, ते तोडून जाळावं लागतं. हजारो झाडं अशी गेली. त्यांच्या जागी वेगळ्या जातींची नवी रोपं लावली जाताहेत, पण त्यांची सावली पडायला काही दशकं जातील. त्यामुळं या वाटेवर एक टप्पा गर्द सावलीतून जातो आणि पुढचा भर उन्हातून. शांत वाट एकदा बांधली म्हणजे संपलं असं नाही, ती सतत जपावी लागते, हे इथं डोळ्यांना दिसतं.

आणखी लांबचा बेत असेल तर ल्वार नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा ‘ल्वार आ व्हेलो’ आहे. राजवाडे आणि अटलांटिकपर्यंतचा सपाट प्रदेश. मात्र तो सगळाच गाड्यांपासून मुक्त नाही, बराचसा भाग कमी वर्दळीच्या गावरस्त्यांवरून जातो. ब्रिटनीतला ३६४ किलोमीटरचा नाँत-ब्रेस्त कालवाही तितकाच निवांत.

रजा घ्या की राव!

सायकल आणि फ्रान्स म्हटलं की आपल्याला १९०३ पासूनची तूर द फ्रान्स आठवते. घाम, घड्याळ, पिवळी जर्सी. पण त्याही आधी, १८८७ मध्ये, सेंत-एतिएन् शहरात पॉल द व्हिव्ही यानं सायकलवरचं मासिक सुरू केलं होतं. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावानं तो प्रसिद्ध झाला. भूक आणि तहान लागायची वाट न बघता खाणं-पिणं उरकावं आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी पेडल मारू नये, अशी त्याची शिकवण. फ्रेंच सायकल-पर्यटनाचा हा जनक १९३० मध्ये शहरातल्या ट्रामच्या धडकेनं गेला, हा दैवदुर्विलास.

पण सामान्य नोकरदार सायकलवर फिरायला निघाला तो १९३६ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये फ्रान्समध्ये कायदा झाला, कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा. तोवर बहुतेकांसाठी सुट्टी म्हणजे पगार बुडणं. त्या उन्हाळ्यात कितीतरी जोडपी आणि मित्रांची टोळकी सायकली आणि टँडेम घेऊन बाहेर पडली. काहींनी त्या वेळी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

आणि आपण? रजा ‘कॅरी फॉरवर्ड’ करत राहतो, कारण आपल्यावाचून प्रोजेक्ट अडेल अशी खात्री असते. पाच दिवसांत सात शहरं बघून परततो आणि थकवा घालवायला आणखी एक रजा टाकतो. शांत वाट तिकडे तयार आहे. ती बांधणाऱ्यांनी रुळांच्या जागा राखल्या, झाडं लावली, वटवाघळांसाठीसुद्धा वेळापत्रक केलं. तुम्ही फक्त एक आठवडा राखायचा आहे. पण तो खरोखर राखायचा, लॅपटॉप घरी ठेवून.

निघण्यापूर्वी

* केव्हा : मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दक्षिणेत कडक ऊन.
* व्हिसा : शेंगेन. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटसाठी झुंबड असते, लवकर हालचाल करा.
* सायकल : इथून नेण्याची गरज नाही, मोठ्या गावांत भाड्यानं मिळते. पाठीवर सॅक नको, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या बॅगा घ्या.
* रेल्वे : ‘टीईआर’ या लोकल गाड्यांत बहुतेक ठिकाणी सायकल नेता येते, पण जागा मोजकी. टीजीव्हीत नेण्यासाठी आधी आरक्षण लागतं.
* जेवण : दुपारी बारा ते दोन. अडीचला पोचलात तर उपाशी! रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच दुकानं बंद असतात. शाकाहारींनी ब्रेड, बकरीच्या दुधाचं चीज आणि फळं जवळ ठेवावीत.
* पाणी : गावातल्या दफनभूमीत बहुधा नळ असतो. ‘नाँ पोताब्ल’ अशी पाटी दिसली तर ते पाणी पिऊ नका.
* मुक्काम : ‘शांब्र दोत’ म्हणजे घरगुती पाहुणचार. ‘आक्य व्हेलो’ची पाटी असेल तिथं सायकल ठेवायची सोय असते.
* नियम : उजव्या बाजूनं चालवा. गावाबाहेर अंधारात चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे.
* आणि सगळ्यात महत्त्वाचं : समोरून येणाऱ्याला ‘बाँझूर’ म्हणा. या वाटेवर तोच हॉर्न!