हातातला, घरचा आणि हायब्रीड

खेळ खेळण्यासाठीच बनवलेल्या संगणकाला गेम कन्सोल म्हणतात. बटण दाबले की पडद्यावरचा माणूस पळतो, उडी मारतो, मोटार वळते. पोरांना त्याचे फार वेड. शहरात नोकरीला असलेला मुलगा नातवासाठी असा कन्सोल घ्यायचा म्हणतो. किंमत ऐकून आपण गप्प होतो. एवढे पैसे जाणार, तर वस्तू कोणत्या जातीची हे तरी आधी कळायला हवे की नाही?

लहान असेल तो हातातला, मोठा असेल तो घरचा, असे पुष्कळांना वाटते. पण नुसत्या आकारावरून जात ठरत नाही. चित्र कुठे दिसते? वीज कुठून येते? आणि खेळ चालवणारा मेंदू कुठे बसवला आहे? एवढे विचारावे.

जुना रेडिओ आठवा. तो भिंतीच्या विजेवर चाले, म्हणून एका जागी असे. मग ट्रान्झिस्टर आला. सेल घातले, खांद्याला अडकवला, की चालले मळ्यात!

कन्सोलचेही तसेच झाले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिली कॉम्प्युटर हा कन्सोल काढला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. टीव्हीला जोडा, भिंतीची वीज द्या, तरच खेळ. हा घरचा कन्सोल. त्याच कंपनीने १९८९ साली गेम बॉय काढला. मेंदू, पडदा आणि बटणे एकाच डबीत, आणि वीज चार सेलांची. हा हातातला. त्याच्या पडद्याला रंग नव्हते, मागे दिवाही नव्हता. उजेडात धरूनच बघावे लागे. पण त्यामुळेच सेल पुष्कळ टिकत. १९९० साली सेगा कंपनीने गेम गिअर आणला. त्याचा पडदा रंगीत, मागे दिवा. मात्र सेल सहा लागत आणि काही तासांतच संपत. हातातल्या वस्तूत सगळी काटकसर विजेची असते, ती अशी.

आता हायब्रीड. हायब्रीड ज्वारी तुम्हाला ठाऊकच आहे. दोन वाणांचा संकर करून बी तयार करतात. तसा हा दोन जातींचा कन्सोल. निन्टेन्डोचा स्विच मार्च २०१७ मध्ये आला. पाटीसारखा आहे, पडदा सव्वासहा इंचांच्या आत. पडदा, मेंदू, बॅटरी सारे त्या पाटीतच. टीव्हीजवळ एक बैठक ठेवतात, तिला डॉक म्हणतात. पाटी डॉकमध्ये उभी केली की खेळ टीव्हीवर दिसतो. काढून घेतली की तोच खेळ, जिथे होता तिथूनच, हातात पुढे चालू.

खेळ त्या डॉकमध्ये असतो, असे काहींना वाटते. तसे नाही. डॉक फक्त वीज आत देतो आणि चित्र बाहेर नेतो. डॉकमध्ये बसवल्यावर चित्र अधिक रेखीव होते हे खरे. पण ते का? भिंतीची वीज मिळाली की मेंदूचा चित्र काढणारा भाग जोरात चालतो. हातात असताना बॅटरी वाचवायची आणि उष्णताही आवरायची, म्हणून तो बेताने चालवतात. तरी २०१७ च्या स्विचची बॅटरी जड खेळाला अडीच-तीन तासच पुरे.

याच कंपनीचा वी यू २०१२ साली आला होता. त्याच्यासोबतही हातात धरायची पडद्याची पाटी मिळे. मग तो हायब्रीड का नव्हे? कारण मेंदू टीव्हीजवळच्या पेटीत होता. पाटी घेऊन फार लांब गेलात की चित्र बंद! आमच्या मते तो घरचाच.

आणि स्विच घेताना एक सांभाळा. २०१९ साली स्विच लाइट नावाचा स्वस्त कन्सोल निघाला. नाव स्विच, पण तो टीव्हीला जोडताच येत नाही. तो केवळ हातातला. खोक्यावर नाव इंग्रजीत असते. वाचता आले नाही तर दुकानदाराला मोठ्याने वाचायला सांगा. टीव्हीवर खेळ हवा असेल तर तिथेच जोडून दाखव म्हणावे, आणि मगच पैसे मोजावेत.