भरतकामाचं प्लगइन आणि हिरवी खूण: स्वयंचलित बिल्डबद्दलचे गैरसमज

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि ग्रे कापड डोळ्यांपुढे येतं. पण याच शहरात कापडावर नक्षी उठवणारी मल्टिहेड एम्ब्रॉयडरी यंत्रंही आहेत. त्यांना डिझाइन लागतं ते फाइलच्या रूपात, आणि त्यातलं सर्वांत रुळलेलं स्वरूप म्हणजे जपानच्या ताजिमा कंपनीचं डीएसटी. अशा फाइली बनवणारी व्यावसायिक सॉफ्टवेअरं छोट्या कारखान्याला परवडतातच असं नाही. इंक/स्टिच हा त्यावरचा मुक्त पर्याय. इंकस्केप या चित्र काढण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरला जोडायचं हे प्लगइन आहे. ते पायथॉनमध्ये लिहिलेलं असून जीपीएल परवान्याखाली मोफत मिळतं, आणि चित्रातल्या रेषा व आकारांचं टाक्यांत रूपांतर करतं.

त्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. पण डिझाइन करणाऱ्या माणसाला सोर्स कोडचा उपयोग नाही, त्याला डबल-क्लिक करून बसवता येईल अशी फाइल हवी. तीही त्याच्याकडे जो कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर चालणारी. कोडपासून त्या फाइलपर्यंतच्या कामाला बिल्ड म्हणतात. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी ते दर बदलानंतर हाताने करत बसणं कुणालाच जमत नाही, म्हणून ते स्वयंचलित करतात. या व्यवस्थेबद्दल शिकणाऱ्यांच्या मनात बरेच गैरसमज असतात, आणि त्यांचा फटका शेवटी वापरणाऱ्याला बसतो.

‘पायथॉनमध्ये लिहिलंय, म्हणजे सगळीकडे आपोआप चालेल’

हे अर्धंच खरं आहे. लिबरऑफिससाठीचा मराठी शब्दकोशाचा विस्तार घ्या. त्यात शब्दांची यादी आणि नियमांच्या साध्या मजकूर फाइली असतात, कंपाइल करण्यासारखं काही नसतं. एकच फाइल तिन्हीकडे चालते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरची बहुतेक प्लगइन्सही पायथॉनच्या फाइलींची एक झिप असतात. अशा कामासाठी तीन-तीन बिल्डचा घाट घालणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

इंक/स्टिचचं तसं नाही. ते नमपाय, शेपली, डब्ल्यूएक्सपायथॉन अशा लायब्रऱ्यांवर उभं आहे. त्यांच्या पोटात सी आणि सी++ मधला, त्या-त्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला भाग असतो. शिवाय डिझायनरला आधी पायथॉन बसवायला सांगणं शक्य नाही, म्हणून पायइन्स्टॉलर वापरून पायथॉनसकट सगळं एकत्र बांधून दिलं जातं. आणि पायइन्स्टॉलर ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवाल, तिच्यासाठीच फाइल बनवतो. लिनक्सवर बसून विंडोजची फाइल त्यातून निघत नाही.

पवईच्या आयआयटी मुंबईतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरसाठी केलेल्या ऑप्टिमायझेशन टूलबॉक्सचीही हीच गोष्ट. तो सी++ मधल्या लायब्रऱ्यांना जोडलेला आहे, त्यामुळे लिनक्स आणि विंडोजसाठी त्याची वेगवेगळी बिल्ड लागतात. तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारावा: माझ्या प्लगइनमध्ये किंवा ते ज्यांवर अवलंबून आहे त्यांच्यात कंपाइल होणारं काही आहे का?

‘त्यासाठी तीन कॉम्प्युटर आणि पैसे हवेत’

मॅक महाग असल्यामुळे आपल्याकडचे विद्यार्थी या एका समजापायी मॅकच्या वापरकर्त्यांना सोडूनच देतात. वस्तुस्थिती अशी की सार्वजनिक, मुक्त प्रकल्पांना गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या स्वयंचलित सेवेवर, म्हणजे गिटहब अ‍ॅक्शन्सवर विंडोज, लिनक्स आणि मॅक ही तिन्ही साधी यंत्रं मोफत वापरता येतात. ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. प्रत्येक कामासाठी एक कोरं आभासी यंत्र मिळतं आणि काम संपलं की ते पुसलं जातं. काय-काय बसवायचं, कुठल्या क्रमाने बांधायचं, हे प्रकल्पातच एका यॅमल फाइलमध्ये लिहून ठेवायचं. जॅकार्डच्या कार्डांवर नक्षी एकदा भोकांनी नोंदवली की माग ती हवी तितक्यांदा विणतो, तसंच हे.

या फाइलीत ‘मॅट्रिक्स’ नावाची सोय असते: तीन सिस्टीमची नावं द्या, तीच पावलं तिन्हीकडे एकाच वेळी चालतात. मात्र मॅट्रिक्समधलं एक काम फसलं की उरलेली आपोआप रद्द होतात, ही मूळ सेटिंग आहे. ती बंदच करावी. नाहीतर विंडोजवरची चूक दिसते, पण मॅकवर काय झालं असतं ते कळतच नाही.

खरी पावलं मात्र यॅमलमध्ये कोंबू नयेत. ती स्क्रिप्टमध्ये किंवा मेकफाइलमध्ये ठेवावीत आणि यॅमलने फक्त त्यांना हाक मारावी. इंक/स्टिचमध्येही मेकफाइल आहे. याचं महत्त्व इतिहासातून कळतं. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या आधी असंख्य मुक्त प्रकल्प ट्रॅव्हिस सीआय या तशाच सेवेवर विसंबून होते. जून २०२१ मध्ये ट्रॅव्हिसची मुक्त प्रकल्पांसाठीची जुनी साइट बंद झाली आणि सगळ्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. ज्यांची पावलं स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये होती, त्यांचं ओझं त्यात हलकं होतं.

‘हिरवी खूण आली, म्हणजे सॉफ्टवेअर चालतं’

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हा. सांगितलेली पावलं चूक न येता पार पडली, इतकाच बिल्डनंतर दिसणाऱ्या हिरव्या खुणेचा अर्थ आहे. पावलांमध्ये फक्त बांधणी असेल, तर फाइल बांधली गेली एवढंच सिद्ध होतं.

लिनक्सवरचं उदाहरण पाहा. तिथला जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम ग्लिबसी या मूळ लायब्ररीवर अवलंबून असतो. उबुंटू २२.०४ मध्ये तिची २.३५ ही आवृत्ती आहे, २०.०४ मध्ये २.३१. नव्यावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर उघडताच ‘ही आवृत्ती सापडत नाही’ म्हणून थांबू शकतो. जुन्यावर बांधलेला मात्र सहसा नव्यावर चालतो. म्हणून आधार द्यायच्या असलेल्यांपैकी सर्वांत जुन्या सिस्टीमवर बिल्ड करायचं असतं. बिल्डच्या यंत्रावर हे काहीच दिसत नाही, तिथे खूण हिरवीच असते.

मराठी वापरकर्त्याला नडणारी गोष्ट आणखी वेगळी. विंडोजवर फोल्डरचं नाव देवनागरीत असू शकतं, त्यात मोकळी जागाही असते. शिवाय पायथॉनच्या आजवर रुळलेल्या आवृत्त्यांना एन्कोडिंग स्पष्ट सांगितलं नाही, तर त्या विंडोजवर मजकूर यूटीएफ-८ ऐवजी जुन्या कोडपेजने वाचतात आणि मराठी अक्षरांचा चुराडा होतो. लिनक्स आणि मॅकवर हेच सुरळीत चालतं. म्हणून चाचणीत ‘नवी नक्षी’ अशा नावाचं एक फोल्डर मुद्दाम ठेवावं. परदेशातल्या विकसकाला हे सुचण्याची शक्यता कमी, आपल्याला सुचायलाच हवं.

भरतकामाच्या बाबतीत चाचणी आणखी नेमकी करता येते. डीएसटी फाइलच्या सुरुवातीला ५१२ बाइट्सचं शीर्षक असतं आणि त्यात टाक्यांची संख्या नोंदलेली असते. पुढच्या हालचाली ०.१ मिलिमीटरच्या एककात, आणि एका नोंदीत जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर. तेव्हा बांधून झालेलं प्लगइन त्याच यंत्रावर चालवायचं, ठरलेल्या चित्रापासून डीएसटी काढायची, आणि टाके व मापं तिन्ही सिस्टीमवर जुळतात का ते पाहायचं. ही चाचणी कोडवर नाही, तर लोक प्रत्यक्ष बसवणार त्या फाइलवर हवी. पॅकेज करताना एखादी लायब्ररी बाहेर राहिली असेल, तर ते तेव्हाच उघड होतं.

‘एकदा बसवलं की बघायला नको’

आपण एक अक्षरही न बदलता बिल्ड मोडू शकतं, कारण खालचं यंत्र बदलतं. गिटहबवर उबुंटूचं ‘लेटेस्ट’ हे नाव २०२४ च्या शेवटापासून २२.०४ वरून २४.०४ कडे सरकलं. २०.०४ चं यंत्र एप्रिल २०२५ मध्ये बंदच झालं. मॅकचं ‘लेटेस्ट’ २०२४ मध्ये इंटेलवरून अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर गेलं. हे ज्यांच्या लक्षात आलं नाही, त्यांचं बिल्ड हिरवंच राहिलं, पण जुन्या इंटेल मॅकवर ती फाइल चालेना. ‘लेटेस्ट’ऐवजी नेमकी आवृत्ती लिहावी, आणि ती कधी निवृत्त होणार यावर लक्ष ठेवावं.

‘यंत्राने बांधलं, म्हणजे सुरक्षित’

मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ या नावाखालचा, २३ हजारांहून अधिक प्रकल्पांत वापरला जाणारा, बिल्डच्या पावलांत जोडायचा एक तयार तुकडा हल्लेखोरांनी बदलला. त्यांनी त्याच्या जुन्या आवृत्त्यांच्या खुणाच नव्या, घातक कोडकडे वळवल्या आणि प्रकल्पांच्या गुप्त किल्ल्या बिल्डच्या नोंदींमध्ये छापल्या जाऊ लागल्या. आवृत्तीच्या नावाऐवजी कमिटचा, म्हणजे कोडमधल्या नेमक्या बदलाचा, पूर्ण हॅश ज्यांनी लिहिला होता, ते सहसा वाचले. त्याआधी मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीतला चोरदरवाजा सापडला. त्याला जागं करणारा तुकडा गिटमधल्या कोडमध्ये नव्हताच, प्रकाशनासाठी हाताने बनवलेल्या संग्रहात होता. प्रकाशित होणारी फाइल सार्वजनिक कोडमधून, सर्वांना वाचता येणाऱ्या पावलांनीच बांधलेली असावी, हा आग्रह त्यानंतर वाढला आणि तो मला पूर्ण पटतो.

फाइलीवरची डिजिटल सही हा वेगळाच विषय. मॅकवर इशारा न येता फाइल उघडायची तर अ‍ॅपलचं वर्षाला ९९ डॉलरचं सदस्यत्व लागतं. विंडोजचा स्मार्टस्क्रीनही अनोळखी फाइलीला अडवतो. स्वयंचलित बिल्डने यातलं काहीच टळत नाही, छोट्या प्रकल्पांनी ते वापरकर्त्याला आधीच सांगून ठेवावं.

आणि कोड लिहिता येत नसेल तर यात काही करता येत नाही, असंही नाही. नवी आवृत्ती येण्याआधी चाचणीची आवृत्ती निघते. भिवंडीतल्या डिझायनरने ती आपल्या जुन्या विंडोजवर बसवावी, नेहमीची नक्षी काढून यंत्रावर एक नमुना शिवून पाहावा. काही बिघडलं तर विंडोजची आवृत्ती, ३२ की ६४ बिट, प्लगइनची आवृत्ती आणि ती मूळ चित्रफाइल इतकं कळवलं तरी पुरतं. विकसक ती फाइल चाचण्यांमध्ये ठेवून देतो, आणि त्यापुढच्या प्रत्येक बिल्डमध्ये ती नक्षी तिन्ही सिस्टीमवर तपासली जाते.