शुष्क बर्फ : त्याचें पाणी होत नाहीं, मग होतें काय?

फळें, फुलें व मासळी शहरांत पाठविणाऱ्या कांहीं वाचकबंधूंकडून शुष्क बर्फाविषयीं आमच्याकडे विचारणा होते. साध्या बर्फाचें पाणी होऊन खोकीं भिजतात, या बर्फानें तीं भिजत नाहींत. तर तोच कां वापरूं नये, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु पाणी होत नाहीं तर होतें काय, हें समजून घेतल्यावांचून या पदार्थास हात लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परळ-भोईवाड्यांतील एका खोलींत, खिडक्या उघड्या ठेवून, आम्हीं एक साधा प्रयोग केला. तराजूच्या एका पारड्यांत पसरट ताटलींत साधा बर्फ व दुसऱ्यांत तशाच ताटलींत शुष्क बर्फ, असा अर्धा-अर्धा किलो तोलून ठेवला. थोड्याच वेळांत शुष्क बर्फाचें पारडें वर जाऊं लागलें. साध्या बर्फाचें पाणी झालें. पण तें ताटलींतच राहिल्यामुळें त्याचें वजन हललें नाहीं. शुष्क बर्फाचा तुकडा मात्र सर्व अंगांनीं झिजत गेला व सायंकाळीं ताटली रिकामी झाली. तींत किंचित् ओलावा होता, त्यावरून आमच्या एका स्नेह्यांनीं "झालेंच कीं पाणी!" असा आक्षेप घेतला. परंतु तो ओलावा मुंबईच्या दमट हवेंतील बाष्पाचा; गार पाण्याच्या तांब्यास बाहेरून घाम येतो, त्यांतलाच हा प्रकार. तुकड्यावर जें पांढरें हिंव धरतें आणि भोंवतीं जो पांढरा धूर खालीं उतरतो, तोहि हवेंतील पाण्याचाच. तुकड्यांतून निघणारा खरा वायु डोळ्यांस दिसत नाहीं.

हा वायु म्हणजे कर्बाम्ल वायु. हल्लीं यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात. आपल्या उच्छ्वासांत असतो तोच. तो घनरूपांत प्रथम फ्रान्समधील थिलोरिये यानें १८३५ च्या सुमारास पाहिला. हवेच्या नेहमींच्या दाबाखालीं हा पदार्थ द्रवरूपांत राहूंच शकत नाहीं; त्यासाठीं पांचपटींहून अधिक दाब लागतो. म्हणून उणे ७८.५ अंश सेंटिग्रेडवर घनाचा एकदम वायु होतो. देव्हाऱ्यांतील कापराची वडी न वितळतां झिजत जाते, तसेंच हें. किलोमागें हा बर्फ साध्या बर्फाच्या जवळजवळ पावणेदोन पट उष्णता शोषून घेतो, हा त्याचा मोठा गुण.

आतां धोक्याकडे वळूं. एक किलो शुष्क बर्फापासून सुमारें ५५० लिटर वायु होतो. दहा फूट लांब, तितकीच रुंद व उंच अशा खोलींत सुमारें २८,३०० लिटर हवा मावते. तींत पांच किलो बर्फ ठेवून दारें-खिडक्या घट्ट लावल्या, तर अखेरीस त्या हवेचा जवळजवळ दहावा हिस्सा हाच वायु होईल. आणि इतक्या प्रमाणांत माणूस कांहीं मिनिटांत बेशुद्ध पडतो. मोटारीची बंद जागा तर खोलीहून किती तरी लहान. वायु हवेच्या दीडपट जड असल्यानें तो तळाशीं सांचतो. जुन्या शेतकऱ्यांस हा शत्रु अनोळखी नाहीं. धान्याचें पेव उघडल्यावर तें कांहीं वेळ तसेंच ठेवीत व दिवा खालीं सोडून पाहात. तो विझला तर कोणी उतरत नसे. पेवांत धान्याच्या श्वसनानें हाच वायु सांचलेला असतो. मात्र दिवा जळतो म्हणून जागा निर्धोक, असें समजूं नये. दिवा विझण्यापूर्वींच माणसाचें डोकें दुखूं लागतें व धाप लागते.

दुसरा धोका घट्ट झांकणाचा. बाटली, बरणी वा स्क्रूचें पिंप यांत हा बर्फ कोंडला, तर वायूच्या दाबानें तें भांडें फुटतें. थर्मोकोलच्या खोक्यासहि सर्व बाजूंनीं चिकटपट्टी लावूं नये. उघड्या हातानें धरल्यास कातडी भाजल्याप्रमाणें जखमी होते. जाड हातमोजे घालावे. मग पोटांत गेल्यावर काय होत असेल! मार्च २०२४ मध्यें दिल्लीनजीक गुरुग्राम येथील एका उपाहारगृहांत मुखशुद्धि समजून हा पदार्थ तोंडांत घातलेल्या पांच जणांस रक्ताच्या उलट्या झाल्या. मुलाबाळांच्या हातीं तो पडूं देऊं नये.

फळांचें म्हणाल, तर हापूस आंब्यास बारा-तेरा अंशांखालील थंडी मानवत नाहीं. साल काळवंडते व फळ नीट पिकत नाहीं. शुष्क बर्फाशेजारीं आंबा ठेवणें म्हणजे तो वायां घालविणें होय. गोठवलेल्या मासळीस मात्र हा बर्फ उत्तम.

बियाण्याच्या साठवणींत त्याचा एक उपयोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. हवेंत या वायूचें प्रमाण शेंकडा ३५ पर्यंत चढवून पंधरा दिवस टिकविल्यास सोंडे-किडे मरतात, आणि विषारी औषध लागत नाहीं. २०० लिटरच्या पिंपास सुमारें २०० ग्रॅम बर्फ पुरावा. तो तळाशीं जाड पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्यें ठेवून वर खडखडीत वाळलेलें बीं भरावें. झांकण नुसतें टेंकवून ठेवावें. पिंपाच्या तळाचा गारठा पूर्ण गेला, म्हणजे बर्फ संपला असें समजून मगच तें घट्ट लावावें. हें काम पडवींत करावें, कोठीच्या खोलींत नव्हे.

जातां जातां एक गैरसमज दूर करतों. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठीं गोठ्यांत येणाऱ्या भांड्यांतूनहि पांढरा धूर निघतो. पण त्यांत शुष्क बर्फ नसून उणे १९६ अंशांचा द्रव नत्रवायु असतो. १९५० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत परदेशीं गोठविलेलें वीर्य शुष्क बर्फाच्या साहाय्यानें उणे ७९ अंशांवर ठेवीत. पुढें नत्रवायूचा प्रघात पडला. तें भांडेंहि बंद खोलींत ठेवूं नये, व त्याचें बूच बदलून घट्ट बूच बसवूं नये.