ग्रबच्या चार आज्ञा

काळा पडदा, त्यावर ‘एरर: अननोन फाइलसिस्टम’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. पार्टिशनांची कापाकापी करून मशीन रीस्टार्ट केलं की लिनक्सवाल्यांना हे दर्शन हटकून घडतं. दुकानात नेलं तर बहुतेकदा उत्तर ठरलेलं: “फॉरमॅट मारावा लागेल.” खरं तर डिस्कवरचं बहुधा काहीच गेलेलं नसतं. मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टम चालू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रामला फक्त आपलं सामान सापडत नसतं.

एरिक बोलिन यांनी १९९५मध्ये ग्रब लिहायला घेतला तो ग्नू हर्ड ही ऑपरेटिंग सिस्टम सुरू करण्यासाठी. १९९९मध्ये तो ग्नू प्रकल्पात दाखल झाला. त्याची अडचण मात्र त्याहून जुनी, १९८३च्या पीसी डॉस २.०च्या काळातली. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ पार्टिशन टेबलचे, २ खुणेचे. कोडला उरतात जेमतेम ४४६. एवढ्यात फाइलसिस्टम वाचायची अक्कल कशी मावणार? म्हणून ग्रब तुकड्यांत राहतो. पहिला तुकडा या सेक्टरमध्ये, दुसरा पहिल्या पार्टिशनआधीच्या मोकळ्या जागेत, बाकी सगळं ‘बूट’ फोल्डरमध्ये. दुसरा तुकडा या फोल्डरचा पत्ता पार्टिशनच्या नंबरावरून लक्षात ठेवतो, आणि घोळ तिथेच होतो. जुन्या पद्धतीत लॉजिकल पार्टिशनांचे नंबर ५पासून सुरू होतात. पाचवं उडवलं की सहावं आपोआप पाचवं होतं. ग्रब बिचारा सहाव्याच्याच दारात उभा.

रेस्क्यूमध्ये त्याला आज्ञा कळतात चारच: एलएस, सेट, अनसेट, इन्समॉड. ‘हेल्प’ टाइप केलं तर तीही आज्ञा माहीत नाही म्हणतो! पण एवढ्यावर भागतं. एलएसने पार्टिशनांची यादी घ्यायची, एकेकात ग्रबचं फोल्डर आहे का बघायचं; बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर हे फोल्डर थेट त्याच्या मुळाशीच असतं. सापडलं की सेटने ‘प्रीफिक्स’ला तो पत्ता द्यायचा, इन्समॉडने ‘नॉर्मल’ हे मॉड्यूल चढवायचं आणि ‘नॉर्मल’ म्हणायचं. ओळखीचा मेनू समोर येतो. पुष्कळ जण इथेच खुश होऊन थांबतात आणि पुढच्या रीस्टार्टला पुन्हा तोच काळा पडदा बघतात. लिनक्समध्ये शिरल्यावर ग्रब-इन्स्टॉल चालवायलाच हवं, आणि तेही पार्टिशनवर नाही, पूर्ण डिस्कवर.

पार्टिशनच चुकून उडालं असेल तर ख्रिस्तोफ ग्रेनिये यांचं टेस्टडिस्क वापरावं. डिलीट करताना टेबलातली नोंद जाते, आतला डेटा जागेवरच असतो. टेस्टडिस्क डिस्कभर फाइलसिस्टमच्या खुणा शोधून टेबल पुन्हा मांडतं. तोवर त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. घाईत नवं विंडोज टाकलं की खरं नुकसान होतं.

जीपीटी या नव्या पार्टिशन पद्धतीच्या डिस्कांवर नंबर असे सरकत नाहीत आणि टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, त्यामुळे हा ताप बराच कमी झालाय. तरी पार्टिशनला हात लावण्याआधी लिनक्समधल्या एसएफडिस्क या आज्ञेने टेबल एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून घ्यावं. ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी. त्याच डिस्कवर ठेवून काय उपयोग?