वाघाची वाट

ब्रिस्बेनहून भाचीने फोटो पाठवला: लोन पाईन उद्यान, मोकळं कुरण आणि तिच्या तळहातावरचं खाद्य टिपणारा कांगारू. १९२७ साली सुरू झालेल्या त्या उद्यानात कांगारू माणसांत हिंडतात आणि कंटाळा आला की लांब झाडाखाली जाऊन पडतात. फोटो पाहून संपादक म्हणाले, "आपल्याकडे प्राणी असे मोकळे कुठे दिसतात, ते लिहा." मी पांढरकवड्याची गाडी धरली.

तिथून जवळचं टिपेश्वर अभयारण्य १९९७ चं. क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. टिपाई देवीवरून नाव पडलं. सागाचं रान, दक्षिणेला तेलंगणाची हद्द. इथे प्राणी मोकळे आणि माणूस जिप्सीत बांधलेला. खाली पाय ठेवायचा नाही.

फेब्रुवारी सरत होता, पळस पेटला होता. सुन्ना गेटवरून आत शिरल्यावर जवळच्याच गावातल्या आमच्या गाईडची नजर झाडीत कमी, धुळीत जास्त होती. एका वळणावर त्याने गाडी थांबवली. पंजाच्या ठशावर चितळाचा खूर उमटला होता. "रातचा हाय हा. चितळं सकाळी गेली वरून." पुढच्या ठशाची कड मात्र अजून ढासळलेली नव्हती. तेवढ्यात वानर खेकसलं. इंजिन बंद झालं.

वाघीण सागातून आली, आमच्याकडे न बघता रस्ता ओलांडू लागली. मागच्या जिप्सीला पुढे यायचं होतं. गाईडने हात आडवा केला. "थांबा. तिले जाऊ द्या."

पण जायचं कुठे? फेब्रुवारी २०१९ मध्ये इथल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली. तो हद्दीच्या शोधात निघाला आणि पाच महिन्यांत १,३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची वाट पऱ्हाटीतून, तुरीतून, रस्ते ओलांडून गेली. अभयारण्य संपतं तिथून शेत सुरू होतं. मधे काहीच नाही.

त्या शेतांत रोही आणि रानडुक्कर रात्रीत पीक लोळवतात, म्हणून जागल करावी लागते. कुणी तारेचा फास लावतं, कुणी कुंपणात वीज सोडतं. फास डुकरासाठी असतो. गळ्यात रुतलेली तार घेऊन फिरणारे वाघ याच जंगलात दिसले आहेत. उलट बाजूही तितकीच खरी: वीज रात्रीची मिळाली तर हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकऱ्याने त्याच अंधारात जायचं. त्याला दिवसा वीज हवी, पीक गेलं तर भरपाई वेळेवर हवी. तेवढं मिळालं तरच त्याने तार लावू नये असं आपण हक्काने म्हणू शकतो.

संध्याकाळी गाईडने आपलं शेत दाखवलं. धुऱ्यालगत बोराटीची काटेरी कुपाटी होती. एका ठिकाणी त्याने दोन हात रुंद फट मुद्दाम ठेवली होती.

"इथूनच जाते ते," तो म्हणाला.